एक्केचाळीसातले तीन

कवळीवाल्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन गोष्टी टळत नसत. एक म्हणजे, तोंडात गुलाबी लगदा भरला जाई आणि तो घट्ट होईपर्यंत गप्प बसावं लागे. दुसरी म्हणजे, तेवढ्या वेळात त्याला कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल ऐकावं लागे.

"चौतीस वर्षं," कवळीवाला सांगायचा. "चौतीस वर्षांत कॉलेजच्या हॉलमधली एकही मॅच चुकवली नाही. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलो, मॅचला नाही. आमच्या हिला विचारा. नाही नाही, आत्ता बोलू नका, साचा हलेल."

संघ जिंकायचा का, असा प्रश्न पेशंटच्या डोळ्यांत उमटे. कवळीवाला त्याचीच वाट बघत असे.

"जिंकतात काय, कुणीही जिंकतं. आमच्या पोरींसारखं हरून दाखवा!"

यात अतिशयोक्ती नव्हती. हा संघ बहुतेक वेळा हरायचा, आणि अगदी मन लावून हरायचा. पण संघाच्या प्रशिक्षक होत्या त्या बाई. त्यांना सगळं कॉलेज नुसतं 'बाई' म्हणायचं, जणू बाकीच्या बायका अजून यायच्याच होत्या. तर बाईंचा एक नियम होता. हरायला हरकत नाही, पण हरलेलं घरी न्यायचं नाही. जिंकलेला संघ हातपाय धुऊन, बसमध्ये बसून निघून गेला की आपल्या मुली परत मैदानात उतरायच्या आणि जितक्या गुणांनी हरल्या तितके गुण रिकाम्या बास्केटमध्ये करायच्या. बाराने हरल्या तर बारा, वीसने हरल्या तर वीस. मगच दिवे बंद. याला 'बरोबरी' म्हणत. बरोबरी होईस्तोवर प्रेक्षकही हलायचे नाहीत. एकदा तर पाहुण्या संघाच्या बसचा ड्रायव्हर ते बघायला थांबला आणि रडला म्हणतात. त्याला सर्दीही होती, पण ते कवळीवाला सांगत नसे.

आणखीही एक गोष्ट तो पेशंटना सांगत नसे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी संघ एक्केचाळीस गुणांनी हरला. तेव्हा कप्तान होती कवळीवाल्याची धाकटी बहीण, शिडी. आईवडिलांनी उंची वाटताना सगळी तिच्याच पदरात टाकली होती. कवळीवाला उभा असला तरी लोक त्याला उभं राहायला सांगत. त्या संध्याकाळी मुलींनी अडतीस गुण भरून काढले. तीन राहिले. शिडी चेंडू घेऊन रेषेबाहेर उभी होती, कारण तिथून पडला की एकदम तीन. तेवढ्यात बाई बाकावर बसल्या. हळूच बसल्या, काहीतरी हरवलेलं शोधायला बसावं तशा. शिडीने ते पाहिलं आणि चेंडू खाली घेतला. तेव्हा वरच्या रांगेतून एक आवाज आला.

"थांबू नकोस, शिडे! तीनच राहिलेत!"

शिडीने चेंडू टाकला. तो रिंगला लागून बाहेर आला. ती मागे वळली तेव्हा बाई बाकावर आडव्या झाल्या होत्या, आणि संपल्या होत्या.

डॉक्टर नंतर म्हणाले, चेंडू टाकण्यात गेलेल्या चार सेकंदांनी काही फरक पडला नसता. हे त्यांनी भावाला आणि बहिणीला वेगवेगळं गाठून सांगितलं. शिडीने त्यानंतर चेंडूला हात लावला नाही. ती टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर लागली आणि तिथेच पन्नास वर्षांची झाली. भावाबहिणीचं येणंजाणं होतं, बोलणंचालणं होतं, पण त्या चार सेकंदांवरून दोघंही असे पाय उचलून जात, जसं झोपलेल्या कुत्र्याला ओलांडून जावं.

बाई गेल्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी चार वाजता, कुलूपबंद हॉलमधून चेंडूचा आवाज आला. धप, धप, धप. मग थांबला. मग रिंगचा खणकन आवाज. पुन्हा धप, धप. पाचला बंद.

तेव्हापासून रोज.

कॉलेजने या प्रकाराला शिस्तीने तोंड दिलं. आधी एका इंजिनिअरला बोलावलं. त्याने आवाज पाइपमुळे येतो असा अहवाल दिला. हॉलमध्ये पाइप नव्हते. मग अहवाल खोटा पडू नये म्हणून पाइप बसवले. आवाज येतच राहिला. शेवटी वेळापत्रकात चार ते पाच हा तास रिकामा सोडला, आणि हॉलचा शिपाई रोज वहीत लिहू लागला : 'चार ते पाच चेंडूचा आवाज. बाकी ठीक.' मुलींच्या बॅचेस आल्या, गेल्या. संघ हरत राहिला, बरोबरी करत राहिला. कवळीवाला चार वाजता दुकान बंद करून हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि ऐकायचा. बाईंना ते तीन गुण हवे होते. यात त्याला शंका नव्हती. आणि बाईंना अशी माघार मान्य नाही, या विचाराने त्याची छाती भरून यायची. छाती भरून आली की त्याला स्वतःचा तो आवाज ऐकू यायचा, आणि मग तो घरी जायचा.

हे असंच चाललं असतं. पण कॉलेजने नवा हॉल बांधला आणि जुना पाडायचं ठरवलं.

पाडण्याच्या आदल्या दिवशी, साडेतीनच्या सुमारास, कवळीवाला टपाल कचेरीत पार्सलच्या रांगेत उभा राहिला. त्याचं नाक सुजून कांद्याएवढं झालं होतं.

"उद्या आठला येणार आहेत पाडायला," नंबर आल्यावर तो म्हणाला.

शिडीने एक खोकं काट्यावर ठेवलं. बाकीचे लोक पार्सलं फेकत. ती कधीच फेकत नसे, निजलेलं मूल ठेवावं तशी ठेवायची. "सातशे ग्रॅम. काय पाडणारेत?"

"हॉल."

"पाडू देत."

"बाई आत आहेत, शिडे."

मागचा माणूस पुढे झुकला. "मॅडम, आत कोणी असेल तर आधी त्यांना बाहेर काढा. माझं पार्सल काही नासत नाही."

"तुम्ही रांगेत राहा," शिडी म्हणाली. मग भावाकडे न बघता, "दादा, मी येणार नाही. परत परत विचारू नकोस."

"मी आज पहिल्यांदा विचारतोय."

"तू रोज विचारतोस. बोलत नाहीस एवढंच." तिने शिक्का मारला. "नाकाला काय झालं?"

"काल गेलो होतो आत. चार वाजता. म्हटलं, तीनच तर आहेत, आपणच टाकून बाईंना मोकळं करू."

"तू?" शिडी हसली नाही, पण तिच्या भुवया हसल्या. "तुझा चेंडू रिंगपर्यंत पोचतो?"

"पोचला असता! हवेतच अडवला. चापट मारून परत माझ्या तोंडावर हाणला." कवळीवाल्याचा आवाज कापरा झाला, पण भीतीने नाही. "फुकट नाही देत गं त्या! अठ्ठावीस वर्षं त्या तीन गुणांची वाट बघतायत, पण समोरून कोणी टाकायला आलं तर फुकट नाही देत! याला म्हणतात संघ!"

शिडीचा शिक्का हवेतच राहिला. "कोणत्या बाजूने?"

"काय कोणत्या बाजूने?"

"चापट. नीट आठव."

कवळीवाल्याने रांगेतल्या माणसाला समोर उभं करून सगळा प्रसंग पुन्हा करून पाहिला. "माझ्या उजवीकडून. म्हणजे त्यांच्या डाव्या हाताने."

शिडीने शिक्का खाली ठेवला. मग तिने खिडकीत 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली.

"बाई लिहायच्या उजव्या हाताने," ती म्हणाली. "अडवायच्या डाव्याने. फक्त सरावाला, दार लावून. बाहेरच्या कोणाला माहीत नव्हतं." तिने पर्स उचलली. "चल."

"मॅडम, साडेतीनला कसली जेवणाची सुट्टी?" रांगेतला माणूस म्हणाला.

"उशीर झालाय," शिडी म्हणाली. "फार उशीर झालाय."

शिपायाने कुलूप काढलं आणि खिशातून पेन्सिल काढली. "पाचला बंद करणार हां. आत कुणीही असो."

हॉलमधून खुर्च्या, पंखे, फळ्या सगळं काढून नेलं होतं. उरली होती ती लाकडी जमीन, दोन बास्केट आणि एक बाक. जमिनीवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. चेंडू मधोमध पडला होता, आणि तो हलत नव्हता, इतका की मुद्दाम हलत नसावा. शिडीने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि चेंडू उचलला. कवळीवाल्याला वाटलं ती थरथरेल. तिने दोन बोटांनी हवा तपासली आणि तोंड वाकडं केलं.

"कमी आहे," ती हॉलला उद्देशून म्हणाली. "यानेच खेळत होतात?"

चार वाजले.

पहिला चेंडू शिडीच्या हातातून सुटला आणि दीड हातावर फट्‌ करून परत आला. दुसऱ्या वेळी ती उजवीकडे झुकली, डावीकडून गेली, टाकला. फट्‌. हवेत काहीच नव्हतं. नुसता चेंडू अचानक दिशा बदलायचा, आणि जमिनीवर कुणाच्या तरी बुटांचा कुरकुर आवाज व्हायचा. शिडीचे गाल लाल झाले. भीती वाटायची तर तिला राग आला होता, आणि तो इतका जुना आणि ताजा राग होता की कवळीवाला भिंतीला टेकला.

"पाय हलवा, बाई!" शिडी ओरडली. "वय झालं का?"

ती रेषेबाहेर गेली, उंच उडाली. चेंडू सुटला आणि त्याच क्षणी तिच्या मनगटावर सटकन आवाज झाला. ती खाली आली तेव्हा मनगटावर चार बोटं उमटली होती.

"फाऊल!" कवळीवाल्याने हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बाईंच्या विरुद्ध निर्णय दिला होता, त्यामुळे पुढचं वाक्य तो जरा नम्रपणे बोलला. "हातावर लागला. रेषेबाहेर होती ती. तीन फ्री थ्रो."

हॉल गप्प झाला. बुटांची कुरकुर नाराजीने दोन पावलं मागे सरली. फ्री थ्रो अडवता येत नाहीत, आणि बाई मेल्या होत्या तरी नियमातल्या होत्या.

पहिला पडला. दुसरा रिंगवर फिरला, फिरला, आणि पडला. तिसरा टाकताना शिडीने डोळे मिटले. जाळीचा आवाज आला तरी तिने ते उघडले नाहीत.

एक्केचाळीस. बरोबरी झाली.

कवळीवाल्याला रडू येत होतं. अठ्ठावीस वर्षं. काहीतरी निघून जाईल, दार उघडेल, वारा येईल, असं त्याला वाटत होतं. शिडी घाम पुसत बाकाकडे निघाली.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांकडेही शिट्टी नव्हती.

"दादा," शिडी सावकाश म्हणाली, "बरोबरी झाली की काय होतं?"

"घरी जातात."

"ते आपल्याकडे. खेळात काय होतं?"

इतकी वर्षं इतक्या मुलींनी इतके गुण भरून काढले, दिवे बंद केले, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. "जादा वेळ," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

चेंडू आपणहून मधल्या वर्तुळात घरंगळत गेला.

पहिली पाच मिनिटं सहा-सहा झाली. बाईंच्या बाजूचा चेंडू कुणी न टाकता हवेतून जाऊन बास्केटमध्ये पडायचा, आणि कवळीवाला घड्याळात बघत गुण मोठ्याने सांगायचा. पुन्हा जादा वेळ. चार-चार. पुन्हा शिट्टी. शिडी आता हसत होती. तिचा अंबाडा सुटला होता, ती बाईंना नावं ठेवत होती, त्यांच्या चालीची नक्कल करत होती, आणि एकेका उडीगणिक वीस-वीस वर्षं खाली टाकत होती. कवळीवाल्याने चौतीस वर्षांत असा खेळ पाहिला नव्हता. यालाच तर तो जिद्द म्हणत आला होता. याचंच तर तो तोंडं बंद केलेल्या लोकांना सांगत आला होता.

मग त्याच्या लक्षात आलं की हे संपणार नाही. बाई पुढे जाऊ द्यायच्या नाहीत आणि मागेही पडायच्या नाहीत. त्यांना दमायचं कारण उरलं नव्हतं. शिडीला होतं. तिचा चेहरा आता लाल नव्हता, राखाडी झाला होता. चेंडू उचलायला वाकताना तिने डाव्या खांद्यावर हात दाबला.

"शिडे, पुरे."

"गप."

"शिडे, थांब!"

ती वळली. "थांबू?" ती धापा टाकत म्हणाली. "तेव्हा थांबले होते, दादा. तूच म्हणालास थांबू नकोस."

बाक तिथेच होता. कवळीवाल्याने बाकाकडे पाहिलं. मग त्याने बूट काढले, कारण त्या जमिनीवर बूट घालून जाण्याची त्याला इतक्या वर्षांत हिंमत झाली नव्हती, आणि तो मैदानात उतरला.

शिडीच्या हातून निसटलेला चेंडू त्याने दोन्ही हातांनी कवटाळला आणि पळत सुटला. पळत म्हणजे, ज्याला तो पळणं समजायचा तसा. आपल्याच बास्केटखाली जाऊन त्याने चेंडू वर टाकला. पोचला नाही.

"दादा! ती आपली बाजू आहे!"

दुसराही पोचला नाही. तिसरा बोर्डाला लागला. कोणी अडवलं नाही. बुटांचा आवाज मैदानाच्या मध्यावर येऊन थांबला होता. बाई बहुधा आयुष्यात, किंवा नंतरही, पहिल्यांदाच चकित झाल्या असाव्यात. चौथ्या वेळी कवळीवाल्याने डोळे मिटून, सगळा जीव एकवटून टाकला, आणि चेंडू बोर्डावर आपटून रिंगमधून खाली, त्याच्या सुजलेल्या नाकावर पडला.

आयुष्यातलं पहिलं बास्केट. स्वतःच्या संघाविरुद्ध.

"दोन गुण बाईंना," तो म्हणाला. त्याने घड्याळाकडे पाहिलं. अजून चाळीस सेकंद बाकी होते. "वेळ संपली."

शिडीला घड्याळ दिसत नव्हतं, पण तिला कळलं. ती त्याच्याकडे अशा नजरेने बघत राहिली की हॉलमध्ये भूत नेमकं कोण, असा प्रश्न पडावा.

"हरवलंस तू आम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"तू!"

"हो."

ती आली आणि चेंडूला हात घातला. "दे इकडे. दोन राहिले. बरोबरी करायचीये."

कवळीवाल्याने चेंडू पोटाशी घट्ट धरला. पलीकडून, अगदी हलकेच, आणखी कुणीतरी तो एकदा ओढून पाहिला. डाव्या बाजूने. त्याने सोडला नाही. त्याचे हात थंड पडले होते, दात, जे त्याचे स्वतःचे होते, वाजत होते, तरी त्याने सोडला नाही.

"राहू देत," तो म्हणाला. दोघींनाही म्हणाला. "दोन राहू देत. मी ओरडायला नको होतं, शिडे. त्या दिवशी. मी ओरडायला नको होतं."

शिडीने चेंडूवरचा हात काढला. मग ती बाकावर बसली. हळू नाही, धपकन, दमलेलं माणूस बसतं तशी. "दुखतोय खांदा," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ."

पाच वाजले. शिपायाने वही उघडली, विचार केला आणि लिहिलं : 'चार ते पाच चेंडूचा आवाज. माणसंही.' मग त्याची नजर कवळीवाल्याच्या काखेकडे गेली. "चेंडू कॉलेजचा आहे."

"उद्या हॉलच नसणारे."

"ते खरं," शिपाई म्हणाला, आणि तेही लिहून ठेवलं.

डॉक्टरने शिडीच्या छातीला वायरी लावल्या, कागद बाहेर आला, तो वाचला. स्नायू ओढला गेलाय, म्हणाला, आणि या वयात एवढी मस्ती कोणाशी केलीत असं विचारलं. "जुन्या ओळखीच्या होत्या," शिडी म्हणाली. बसमध्ये ती कवळीवाल्याशी एक अक्षर बोलली नाही. ती रागावली होती, अगदी हरलेल्या कप्तानासारखी रागावली होती, आणि कवळीवाल्याला ते इतकं बरं वाटत होतं की तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तिसऱ्या थांब्यानंतर त्याच्या मांडीवरचा चेंडू हलला. बसच्या धक्क्याने नाही, बस सिग्नलला उभी होती. अगदी मंद, पण ठेक्यात : वर, खाली, वर, खाली. कुणीतरी बोटांच्या टोकांनी, वाट बघत, खेळवावा तसा. शेजारच्या सीटवरच्या एक काकू उठून पुढे जाऊन बसल्या.

शिडीने बघितलं. तिने चेंडूवर तळहात ठेवला. चेंडू थांबला.

"माझ्याकडे दे," ती म्हणाली. "तुझ्याकडे जागा नाही. माझ्या घरामागे अंगण आहे."

"शिडे, नको."

"आधी खांदा बरा होऊ दे. पंधरा दिवस म्हणालाय डॉक्टर." ती चेंडूकडे बघत बोलली, आणि हे कवळीवाल्याला उद्देशून आहे असं नक्की म्हणता येत नव्हतं. "पंधरा दिवस थांबायचं. मग दोन. पण जादा वेळ नाही."

तिचा थांबा आला. ती चेंडू काखेत मारून उतरली. कवळीवाला काचेला नाक लावून बघत राहिला, सुजलेलं होतं तरी. शिडी अरुंद फुटपाथवरून सावकाश चालली होती. डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालली होती. समोरून येणारे लोक त्या रिकाम्या जागेजवळ येऊन, का ते न कळता, बाजूला होत होते. कोपऱ्यावर शिडीने मान त्या बाजूला वळवली आणि काहीतरी म्हणाली, वाद घालत असावी, आणि मग उत्तर ऐकायला थांबली.